चिमुकल्या माशाची साक्ष

एका वाचक भगिनीने आम्हांस पत्र लिहून विचारले आहे : "तान्ह्या मुलीसाठी दुधाची प्लास्टिकची बाटली आणली. तिच्यावर 'बीपीए-मुक्त' असे छापले आहे. हे बीपीए म्हणजे काय, आणि ते नसले म्हणजे बाटली निर्धोक समजावी काय?" प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस एका माशाची हकीकत सांगावी लागेल.

हा मासा जेमतेम दीड इंच लांबीचा. अंगावर निळे व रुपेरी पट्टे, म्हणून त्यास झेब्रा मासा म्हणतात. तो मूळचा आपल्याकडचाच. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील ओढ्यांत आणि भातखाचरांच्या संथ पाण्यात तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. (बुकॅनन या पूर्वीच्या आडनावाने म्हैसूर, कानडा व मलबार प्रांत हिंडून प्रवासवर्णन लिहिणारे गृहस्थ ते हेच.) पुढे अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी या माशावर जे संशोधन केले, त्यामुळे १९८१ नंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन पोहोचला. आज हैदराबादेतही शास्त्रज्ञ त्याच्यावर अभ्यास करतात.

शास्त्रज्ञांना त्याचे एवढे अप्रूप का? तर त्याची अंडी मादीच्या उदराबाहेर फळतात, आणि ती काचेसारखी पारदर्शक असतात. एका दिवसात इवलेसे हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिलू अंड्याबाहेर येते, आणि हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली उघड्या डोळ्यांसमोर घडते. मातेच्या उदरात जे महिनोन्महिने गुप्तपणे चालते, त्याचा एक नमुनाच जणू परमेश्वराने आपल्यापुढे मांडून ठेवला आहे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणून पाण्यात एखादे रसायन मिसळले की वाढत्या गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, हे येथे थोड्या दिवसांत पाहावयास मिळते.

आता बीपीएविषयी. बिस्फेनॉल-ए हे त्याचे पूर्ण नाव. रशियन रसायनशास्त्रज्ञ दियानिन यांनी ते १८९१ साली तयार केले. १९३६ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांना असे आढळले की, ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते. मौज अशी की, हे ठाऊक असूनही पुढे त्याच पदार्थापासून कठीण, पारदर्शक प्लास्टिक आणि डब्यांच्या आतील लेप बनू लागले! बोभाटा व्हावयास अनेक दशके लागली. युरोपात २०११ साली व अमेरिकेत २०१२ साली बाळांच्या बाटल्यांतून ते हद्दपार झाले. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१५ साली तसाच नियम केला.

मग कारखानदारांनी काय केले? पुष्कळ ठिकाणी त्यांनी बीपीएच्या जागी त्याचेच भावंड आणले, ते बिस्फेनॉल-एस. लेबलावर 'बीपीए-मुक्त' हे शब्द आले, आणि ते खोटेही नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या डेबोरा कुराश व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा माशाच्या गर्भांना ही दोन्ही रसायने दिली, तीही आल्बर्टा प्रांतातील नद्यांच्या पाण्यात आढळते तेवढ्याच अत्यल्प प्रमाणात. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागात चेतापेशी वेळेआधीच अतोनात जन्मू लागल्या. बीपीएने ही वाढ १८० टक्के झाली, आणि 'निर्धोक' म्हणून आणलेल्या दुसऱ्याने २४० टक्के! अशी पिले पुढे वाजवीपेक्षा अधिक चळवळी निघाली.

माशाला झाले म्हणजे बाळाला होईलच, असे आम्ही म्हणत नाही. गर्भाशय, नाळ, यकृत या सर्वांतून गाळून येणाऱ्या अंशाचा हिशेब मासा देऊ शकत नाही, आणि त्या प्रयोगावरून कोणी आपल्या मुलाच्या खोडकरपणाचे खापर बाटलीवर फोडू नये. शिवाय त्या मुक्या जिवांचाही विचार आहेच. मनुष्याच्या रक्षणासाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास ख्रिस्तसभेची शिकवण मनाई करीत नाही. मात्र ते वाजवी मर्यादेत असावेत आणि प्राण्यांना विनाकारण क्लेश देऊ नयेत, असे ती बजावते. आमच्या मते तान्ह्या मुलांचे रक्षण हे पुरेसे कारण आहे. परंतु माशाने साक्ष दिल्यावर ती कोणी ऐकलीच नाही, तर तो जीव फुकट गेला असेच म्हणावे लागेल. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरण्यावर बंदीचा नियम केला आणि त्याच्या इतर घातक भावंडांनाही त्यात गोवले.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : लेबल एका पदार्थाची गैरहजेरी सांगते, त्याच्या जागी कोण आले, हे सांगत नाही. पहिले सहा महिने अंगावरचेच दूध द्यावे. वरचे देणे भागच पडले, तर पोलादी वाटी-चमचा उकळून घ्यावा. प्लास्टिकच्या भांड्यात कढत दूध वा पेज ओतू नये, कारण उष्णतेने ही रसायने अधिक सुटतात. आणि सासूबाईंच्या पेटीत जुने चांदीचे बोंडले असेल, तर ते बाहेर काढून चिंचेने लख्ख घासावे.