‘गौण’ कोणासाठी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासात ‘गौण वनोपज’ असा एक शब्द येतो. लाकूड हे जंगलाचे मुख्य उत्पादन, आणि तेंदूपाने, मोहफुले, डिंक, मध, लाख, चारोळी, हिरडा, बेहडा हे सारे गौण. ही वर्गवारी कोणाच्या सोयीची होती हे उघड आहे. इंग्रज सरकारला जंगलातून रेल्वेचे स्लीपर हवे होते, चारोळी नको होती. परंतु स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी आपण तोच शब्द निमूटपणे पाठ करतो याचे मला नवल वाटते. गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातील माझ्या गावी सागवान विकून कोणाचे पोट भरल्याचे मी पाहिलेले नाही. पोट भरते ते या ‘गौण’ वस्तूंवर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी पहिल्या वर्षाची फी आईने तोडलेल्या तेंदूपानांतून भरली गेली. मग आमच्यासाठी मुख्य काय आणि गौण काय?

नागपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर विडीचे बंडल मिळते. त्या विडीवरचे पान कसे येते हे शहरातल्या मित्रांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. मार्च महिन्याच्या सुमारास तेंदूची झुडपे छाटतात, तिला बेलकटाई म्हणतात. त्यानंतर कोवळी पालवी फुटते. मे महिन्यात पंधरा-वीस दिवसांचा काय तो हंगाम. माणसे पहाटेच्या अंधारात निघतात, ऊन चढण्याआधी पाने तोडून आणतात आणि दुपारभर सारे घर पुडे बांधीत बसते. म्हातारी आजीही बसते आणि शाळेला सुट्टी असलेली पोरेही बसतात. एका पुड्यात ७० पाने, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर मोजून द्यायचे. मोजणाऱ्याने पान फाटके म्हणून पुडा बाजूला टाकला की त्या पुड्याची मेहनत फुकट. या पंधरा-वीस दिवसांच्या पैशांतून बियाणे, लग्न, औषधपाणी, वह्या-पुस्तके असे सगळे काही भागवावे लागते. मोहफुलाचे तर आणखीच विलक्षण. फूल आम्ही खातो, विकतो, बैलाला चारतो. त्याच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल काढतो. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यात या फुलावरही निर्बंध होते. जणू झाडालाच दारूचे दुकान समजले गेले!

कायद्याची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत बसविले. त्यामुळे घराला चार बांबू तोडणारा गावकरी चोर ठरायचा, आणि याच मुलखातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र रीतसर मिळायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला वनोपजांत घेतले आणि त्यावर गावाची मालकी मानली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात यावे लागले. ज्या राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तेथे कायदा कागदावरून जंगलात पोहोचायला इतका वेळ लागला!

काही मित्र म्हणतात, “जंगल तुमच्या हाती दिले तर तुम्ही ते वर्षभरात विकून खाल.” त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट ऐकावी. २०१२ मध्ये त्या गावाला हक्क मिळाला. तेंदूपानांत रोख पैसा होता, तरी ग्रामसभेने तो व्यवसाय सोडून दिला. पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, वणवे लावले जातात, फळ धरत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी बांबूवर भर दिला. एवढा विचार आजवर किती ठेकेदारांनी केला? आमचे गाव तेंदू सोडू शकलेले नाही, आणि त्याबद्दल मी गावाला दोष देणार नाही. आमच्या वाट्याला बांबू थोडाच आहे.

तथापि हक्क मिळाला म्हणजे सारे झाले असे मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या ग्रामसभेची रॉयल्टी अडकवून ठेवली. मजुरी मिळाली, वरची रक्कम आली नाही. करारनामा काळजीपूर्वक वाचून पाहील असा माणूस गावात नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीची बारावीनंतरची नर्सिंगची भरती त्या वर्षी राहून गेली. ती या वर्षीही आईबरोबर पाने तोडायला जाणार आहे.

आणि जायचे ते कोठे? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाने मारल्या. आपल्याकडे वाघ पाहायला जिप्सीचे आरक्षण करावे लागते, आणि आमच्या बायाबापड्या त्याच वाघाच्या रानात पायी, वाकून, पाठ उघडी टाकून काम करतात. वाघ जगावा असे मलाही वाटते. पण त्या पंधरा-वीस दिवसांत गावागावांत पहारेकरी का असू नयेत? मजुरांचा विमा हंगामापूर्वीच का उतरवू नये? जेथे वाघाचा वावर दिसला तो भाग तेवढ्यापुरता बंद ठेवून त्या दिवसांची मजुरी का देऊ नये? विडीच्या धंद्यात एवढाही पैसा नाही असे कोणी म्हणणार असेल तर त्याने हिशेब दाखवावा.

हिशेबाचेच म्हणाल तर प्राध्यापक महोदयांना माझी एक विनंती आहे. आपल्या कॉलेजची सहल दरवर्षी कोठेतरी जाते. एक वर्ष वाणिज्य आणि अर्थशास्त्राची दहा मुले मे महिन्यात आमच्याकडे पाठवा. ग्रामसभेचे वहीखाते लिहायला आणि ठेकेदाराचा करारनामा वाचायला माणसे हवी आहेत. परीक्षा तोवर संपलेल्या असतात. राहण्याची व्यवस्था आमच्या घरी होईल. मात्र पहाटे चारला उठावे लागेल.