श्रीरामांची जन्मतारीख: गणिताआधी श्लोक तपासूया

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली आणि एक जुना प्रश्न पुन्हा घरोघरी निघाला: श्रीरामांचा जन्म नेमका केव्हाचा? मोबाईलवर उत्तर तयार असते, १० जानेवारी, इ. स. पू. ५११४. पुष्कर भटनागर यांनी ते संगणकावर आकाशस्थिती मांडून काढले. त्याआधी पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तक यांनी ‘वास्तव रामायण’ मध्ये ४ डिसेंबर, इ. स. पू. ७३२३ ही तारीख दिली होती. दोन्हींत २२०९ वर्षांचे अंतर आहे.

चैत्रातला जन्म डिसेंबर-जानेवारीत कसा, ही शंका मात्र रास्त नाही. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो, त्यामुळे हजारो वर्षांत नक्षत्रांवर बेतलेले महिने ऋतूंच्या तुलनेत सरकतात. अडचण वेगळीच आहे.

बालकांडाच्या प्रचलित पाठात चैत्र नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न आणि पाच ग्रह उच्चीचे, असे वर्णन आहे. चंद्र पुनर्वसूत, म्हणजे तो उच्चीचा नाही. बुध सूर्यापासून फार दूर जात नाही, म्हणून तोही नाही. उरले रवी, मंगळ, गुरू, शुक्र आणि शनी. रवीचे उच्च मेषेत. आता कागद-पेन्सिल घ्या. आजच्या पंचांगाच्या मापाने पुनर्वसू म्हणजे ८० ते साधारण ९३ अंश. शुक्ल नवमीला चंद्र सूर्याच्या ९६ ते १०८ अंश पुढे असतो. वजाबाकी केली की सूर्य मेषेत येतच नाही, मीनेतच राहतो. म्हणजे या मापाने सगळ्या अटी एकदम जुळत नाहीत. तारीख काढणाऱ्याला कुठली तरी अट सैल करावी लागते, आणि कुठली सैल केली यावर उत्तर बदलते.

दुसरी गोष्ट आपल्या बडोद्यातलीच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतली हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर संपादकांनी ग्रहस्थितीचा हा मजकूर मुख्य पाठात ठेवला नाही. सॉफ्टवेअर कितीही अचूक असले, तरी त्यात भरलेली माहितीच नंतरची असेल, तर उत्तर त्या माहितीचे असते, रामजन्माचे नव्हे.

याने रामनवमीला बाधा येत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेल्या परंपरेवर उभी आहे, इसवी सनाच्या तारखेवर नाही. मात्र मुलांच्या प्रश्नमंजुषेत ‘रामाची जन्मतारीख कोणती?’ असा प्रश्न घालून एकच उत्तर बरोबर ठरवणे टाळावे. त्याऐवजी वरची वजाबाकी त्यांच्याकडून करून घ्यावी. पंचांग आणि रामायण, दोन्ही त्यांना जवळची वाटतील.