बारा व्होल्टचा दुर्लक्षित धोका

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात एका मासेमारी नौकेने पेट घेतला. नौकेवरील १८ खलाशांना सुखरूप वाचविण्यात आले. नौका मात्र बव्हंशी जळाली. शॉर्टसर्किटचा संशय त्याच दिवशी व्यक्त झाला. आगीच्या बहुतेक बातम्यांत हा शब्द येतो आणि विषय तेथेच संपतो.

नौकेवरील वीज घरातल्यासारखी २३० व्होल्टची नसते. बॅटरीतून मिळणारी ही वीज १२ किंवा २४ व्होल्टची असते. तिचा झटका लागत नाही, म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. धोका नेमका याच समजुतीत आहे. व्होल्ट कमी असले तरी इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. टर्मिनलवर चुकून आडवा पडलेला पाना लालबुंद होण्यास त्यामुळे फार वेळ लागत नाही. एरवीही खाऱ्या हवेने गंजलेला सांधा पुरेसा असतो. त्या सांध्यात अवघा ०.१ ओहम विरोध निर्माण झाला आणि तारेतून २० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे ४० वॅट उष्णता तयार होते. डाख देण्याच्या साध्या इस्त्रीचे टोकही सुमारे इतक्याच शक्तीवर तापते. शेजारी डिझेलने माखलेले लाकूड, फायबर अथवा नायलॉनची जाळी असेल, तर पुढचे सांगायला नको.

येथे फ्यूजविषयीचा एक गैरसमज दूर व्हायला हवा. फ्यूज प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. म्हणून तो उपकरणाजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. अमेरिकेतील नौकाबांधणीच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे सात इंच आहे. स्टार्टरची जाड तार तेवढी अपवाद. आपल्याकडे नवे उपकरण आले की बॅटरीच्या टोकाला आणखी एक तार गुंडाळली जाते, आणि वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा बसतो. तारही घरगुती वापराची. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक पदरांची तार समुद्रावर टिकते, पण ती महाग पडते.

पाण्याच्या बॅटरीची वेगळी काळजी घ्यावी लागते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. हा वायू हलका, त्यामुळे हवा जाण्याची वाट खोक्याच्या वरच्या बाजूस ठेवावी लागते. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी काढायचे, जोडताना ते शेवटी. गॅरेजमधील हा नियम समुद्रावरही तितकाच लागू.

आगीहून अधिक वेळा घडणारी, पण बातमी न होणारी गोष्ट म्हणजे बॅटरी उतरणे. २५ वॅटच्या व्हीएचएफ संचाला ऐकताना अत्यल्प वीज पुरते; बोलताना मात्र पाच-सहा अँपिअर लागतात. बॅटरी अर्धमेली असेल किंवा तार बारीक असेल, तर संचाचा दिवा जळत राहतो आणि बोलण्याचे बटण दाबताच संच बंद पडतो. मदत मागण्याची वेळ आली की तांडेलाला हे कळते. स्टार्टरची बॅटरी वेगळी आणि दिवे, रेडिओ, जीपीएसची वेगळी ठेवणे हा यावरचा जुना उपाय. काही काळ भार नसलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. साध्या मीटरवर हे कळते.

हा प्रश्न आता सरकारच्याही दारी आला आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका वापरल्यानंतर नौकांचा माग ठेवण्यावर भर वाढला. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. 'इस्रो'चे हे तंत्रज्ञान दुतर्फा संदेशाची सोय देते. स्वागतार्हच, पण नौकेवरील अशा उपकरणांची भिस्त अखेर तिच्या बॅटरीवरच असते. उपकरण दिले, त्याला वीज पुरविणारी तार कोणी पाहिली, हा प्रश्न चर्चेत अभावानेच येतो.

महाराष्ट्रात १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, रंग लागतो, इंजिने उघडली जातात. ट्रान्सपॉन्डरच्या निमित्ताने मत्स्यव्यवसाय खात्याला याच काळात बंदराबंदरांत वायरिंगची तपासणी करता येईल. बॅटरीजवळच्या फ्यूजचा खर्च नव्या नौकेपुढे नगण्य आहे.