पाच टक्क्यांचा पैसा आणि मुंबईतला अभिप्राय



मागच्या महिन्यात आम्ही तिघं जव्हारहून मुंबईला गेलो. पहाटेची एसटी पालघरपर्यंत, तिथून डहाणू लोकलने दादर. काम एकच, आमच्या ग्रामसभेचा ठराव कुठे अडकला ते बघायचं. ठराव साधा होता. पेसाच्या पाच टक्के निधीतून आमच्या सामूहिक जंगलाची हद्द मोजून दगड लावायचे, नकाशा काढायचा, आणि वणव्याच्या दिवसांत राखणीला चार जणांना मजुरी द्यायची.

ठराव तालुक्यातून जिल्ह्याला गेला, जिल्ह्यातून मुंबईला. एका मोठ्या कार्यालयात साहेब बोलले, "असे बरेच ठराव आलेत. हे काम निधीत बसतं का, यावर विधीचा अभिप्राय मागवलाय. आला की बघू." आम्ही बोललो, प्रश्न काय लिहून पाठवलाय तो तरी दाखवा. साहेब बोलले, "ते गोपनीय असतं."

जंगल आपलं, ठराव आपला, पैसा आपल्या नावाचा, आणि प्रश्न मात्र गोपनीय! म्हणून हे लिहितोय.

मोर्च्यात आपण मंत्र्याच्या नावाने घोषणा देतो, कलेक्टरला निवेदन देतो, रेंजरला घेराव घालतो. पण अभिप्राय लिहिणाऱ्या वकिलाचं नाव कुणी घेत नाय. सरकारात विधी व न्याय विभाग आहे. त्याच्या प्रधान सचिवाला विधी परामर्शी असंही म्हणतात, म्हणजे सरकारला कायद्याचा सल्ला देणारा. त्याच्या हाताखाली आणखी अधिकारी. मामला फारच मोठा असला तर महाधिवक्त्याकडे जातो, ते पद घटनेच्या कलम 165 मध्ये आहे. अनुदान कुणाला देता येतं, कोणत्या अटीवर, कशावर खर्च चालतो, कधी परत मागता येतं, यावर वाद झाला की फाईल इकडे येते. हा माणूस आपला पाडा बघत नाय. तो फाईल बघतो.

दोन गोष्टी गाठीला बांधा. पहिली, अभिप्राय म्हणजे हुकूम नाय, तो सल्ला आहे. निर्णय ज्या विभागाची फाईल त्यानेच घ्यायचा असतो. उद्या कुणी बोललं की "वकिलाने नाय सांगितलं, आम्ही काय करणार", तर ती पळवाट समजा. दुसरी, जसा प्रश्न तसं उत्तर. "ग्रामसभेला राखणीची मजुरी देण्याची स्पष्ट तरतूद आहे काय?" असं विचारलं तर वकील लिहिणार, स्पष्ट तरतूद दिसत नाही. "अशी मजुरी द्यायला मनाई आहे काय?" असं विचारलं तर लिहिणार, मनाई दिसत नाही. कायदा तोच, वकील तोच. प्रश्न ज्याने लिहिला त्यानेच अर्धा निकाल लावला.

आता कागद बघा. 2014 च्या ऑक्टोबरात राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढली, की आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा. 21 एप्रिल 2015 च्या शासन निर्णयात खर्चाचे चार भाग सांगितले. पायाभूत सुविधा. वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण. आणि जंगल, वन्यजीव, पाणी, वनउपजीविका. काम कोणतं करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. हद्दीचे दगड दुसऱ्या भागात बसतात, राखण चौथ्यात. बारावी शिकलेल्या आम्हाला दिसतं ते कार्यालयाला दिसू नये?

वकिलाने हात आखडता घेऊच नये असं आम्ही म्हणत नाय. सार्वजनिक पैशाला राखण पायजेच. आपल्याच नावाच्या पैशाचं काय झालं ते आपण बघितलंय. 2004 ते 2009 या काळातल्या आदिवासी विकास विभागाच्या योजनांमधल्या गैरव्यवहाराची चौकशी करायला उच्च न्यायालयाला 2014 साली गायकवाड समिती नेमावी लागली. आमचा सवाल एवढाच आहे. ठेकेदाराच्या बिलाला जो कडकपणा लागला नाय, तो चार राखणदारांच्या मजुरीला का लागतो?

त्या रात्री आम्ही लालबागला एका चाळीत मुक्कामाला होतो. घरमालक म्हातारे गिरणी कामगार, आम्ही त्यांना काका म्हणतो. 18 जानेवारी 1982 ला दोन लाखांच्या वर कामगार संपावर गेले, त्यातले ते एक. आमची कथा ऐकून काका हसले. बोलले, "पोरांनो, आमची जमीन पण एका शब्दाने गेली." 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 ला नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची ठरली, इमारतीखालची जमीन त्यातून निघाली. लोक उच्च न्यायालयात जिंकले, पण 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा नियम कायम ठेवला. आज परळ-लालबागला मान वर करून बघा, टॉवरच टॉवर.

याच परळला दामोदर हॉलजवळ बाबासाहेबांचं ऑफिस होतं. ते वकील होते आणि सरकारी पैशाचे अभ्यासकही. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीवर त्यांचं पुस्तक 1925 ला छापलं गेलं. पुढे घटना झाली तेव्हा कलम 275 मध्ये आदिवासींच्या कल्याणासाठी राज्यांना केंद्राचं अनुदान लिहिलं गेलं. म्हणजे हा पैसा कुणाची मेहरबानी नाय. वकिलाची लेखणी दार बंद करते तशी उघडूही शकते.

म्हणून आमची मागणी अशी:

1) ग्रामसभेच्या ठरावावर अभिप्राय मागवायचा असेल तर प्रश्न आधी ग्रामसभेला दाखवा. आमचं म्हणणं फाईलला जोडा.

2) अभिप्रायाची प्रत द्या. माहिती अधिकाराच्या कलम 4 मध्ये लिहिलंय, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं सांगायची.

3) मुदत ठरवा. वणवा अभिप्रायाची वाट बघत थांबत नाय.

आपल्यालाही काम आहे. ठराव ग्रामसेवकावर सोडू नका, आपण लिहा. कोणतं काम चारपैकी कोणत्या भागात बसतं ते ठरावातच लिहा. बिलं, मजुरीची हजेरी, सह्या जपून ठेवा, म्हणजे बोट ठेवायला जागा राहणार नाय. फाईल अडली तर दहा रुपयांचा माहिती अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नायत. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

आणि बारावी झालेल्या पोरापोरींनो, वकिलीचा पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतरच असतो. डीएड, पोलीस भरती याच्या पुढेही बघा. त्या टेबलाच्या पलीकडे एक दिवस पाड्यावरचं माणूस बसलं पायजे. तोवर आपण टेबलाच्या अलीकडून विचारत राहू: प्रश्न काय लिहिलात, दाखवा.

आमच्या ठरावाचं उत्तर अजून आलं नाय. पुढच्या अंकात कळवू.

जोहार! जिंदाबाद!