निसर्ग नावाची पळवाट

ललित निबंधावरील एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ वक्त्याने बजावले, 'निसर्गलेखनाने राजकारणाचा विटाळ टाळावा.' सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सवयीने आम्हीही वाजवल्या. पुढच्या रविवारी आम्ही तिघे सायकलींवरून पाथरीहून माजलगाव रस्त्याने ढालेगावच्या बंधाऱ्याकडे निघालो, तेव्हा मात्र त्या टाळ्यांची लाज वाटू लागली.

गाव मागे पडले तसा गारवा जाणवू लागला. हरभरा घाट्यांवर येत होता, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, तारेवर कोतवाल बसला होता. विद्यार्थ्याला 'निसर्गरम्य' हे विशेषण आपसूक सुचावे, असे दृश्य. पण सायकल सावकाश चालते, आणि सावकाश जाणाऱ्याला दृश्यामागचेही थोडे दिसते. वाटेत कालव्याची चारी आडवी आली. एका अंगाला हिरवागार ऊस, दुसऱ्या अंगाला पऱ्हाट्या. काळी माती तीच, पाऊसही तोच. फरक पाण्याच्या पाळीचा. ती पाळी कोणती ऋतुदेवता ठरवते?

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, उद्घाटन १९७६ साली. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरांचा. पण वर नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवले की खाली कालवा नुसता लांब असून काय उपयोग? म्हणूनच २००५च्या कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाला २०१४ साली सूत्र घालून द्यावे लागले : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. त्यावरही कोर्टकज्जे झालेच. आम्ही पाहिलेला ऊस या कागदपत्रांतून उगवलेला आहे. त्याला निव्वळ निसर्ग म्हणणे हे सौंदर्यदृष्टीचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण आहे.

बंधाऱ्यावर पोचलो. काठच्या बाभळींना पुराचे गवत आणि चिंध्या अजून लोंबत होत्या. सप्टेंबर २०२५मध्ये गोदेला आलेला पूर आभाळातून आला, तसा धरणाच्या दरवाजांतूनही आला. तहान आणि पूर, दोन्ही एकाच दारातून!

आणि पाथरीचे नाव राज्यभर गाजले ते कशावरून? जानेवारी २०२०मध्ये साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या १०० कोटींच्या विकासाची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डीने बंद पाळला. कोणाच्याही श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण शिर्डी गोदावरी खोऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, पाथरी खालच्या. या दोन मुलखांमधला खरा, जुना तंटा पाण्याचा आहे. जन्मस्थानावर रकानेच्या रकाने भरले गेले. पाण्याबद्दल त्या गदारोळात कोण बोलले? राजकारण्यांना सोयीचा वाद निवडता आला, कारण गैरसोयीचा वाद भाषेत जिवंत ठेवण्याचे काम आपण, साहित्य शिकवणाऱ्यांनी, केले नाही. आपण पहाटेची वर्णने शिकवत राहिलो.

राजकारण शिरले की लेखन घोषणाबाज होते, असा आक्षेप येईल. ही भीती खोटी नाही. पण घोषणाबाजी हा न पाहता लिहिण्याचा दोष आहे, आणि न पाहता लिहिलेली पहाटही तितकीच पोकळ असते.

विटाळाची भाषा करणाऱ्यांना आम्ही एकच नाव ऐकवू : दुर्गा भागवत. 'ऋतुचक्र' (१९५६) त्यांचेच. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही त्याच. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. जायकवाडीचे उद्घाटन झाले तेच हे वर्ष. फुलांचे रंग निरखणारी नजर सत्तेकडे पाहताना मिटली नाही. तिचे काय बिघडले?

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. यापुढे वर्गात शेताशिवाराचे वर्णन शिकवताना विशेषणांआधी एक प्रश्न विचारू : या शिवारात पाणी कोणाच्या सहीने आले, आणि कोणाच्या सहीने अडले? ज्यांना हा प्रश्न साहित्याबाहेरचा वाटतो, त्यांनी एकदा या रस्त्याने सायकलवरून यावे. चारी ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहावे, एवढीच विनंती.