तिशीनंतरची परिचारिका

पदवी घेऊन, संसार सांभाळून तिशीत परिचारिका होऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या बाईला पाटी पुन्हा कोरी करावी लागते: बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षे, नाहीतर जीएनएम या परिचर्या पदविकेची ३. अमेरिकेत इतर विषयांचे पदवीधर साधारण १२ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी मिळवतात. मोठ्या वयात परिचर्या शिकणे आपल्यालाही नवे नाही. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने शतकापूर्वीच विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकवून पायावर उभे केले. भारतीय परिचर्या परिषदेने विज्ञान पदवीधरांसाठी २ वर्षांचा अभ्यासक्रम आखावा. आधी शिकलेले विषय वगळा. वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचा मात्र एक तासही कमी नको. आणि विद्यावेतन द्याच. घरखर्च उचलणारी बाई दोन वर्षे बिनपगारी शिकू शकत नाही.