सीमेपलीकडची कूस

भागवतातील एक कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. देवकीच्या उदरातील सातवा गर्भ योगमायेने काढून यमुनेपलीकडे गोकुळात असलेल्या रोहिणीच्या उदरी ठेवला आणि बलराम जन्मास आला. कंसाचा पहारा मथुरेतील कारागृहावर होता, गोकुळातील रोहिणीवर नव्हता. म्हणून एका मातेचे मूल दुसरीने नदीपलीकडे वाढविले. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यातील व्यवहार आजही चालू आहे. एका तीरावर दार बंद झाले की अपत्याची ओढ दुसऱ्या तीराचा रस्ता धरते. फरक एवढाच की, रोहिणीचे नाव आपण आदराने घेतो आणि आजच्या रोहिणीचे नाव कोणी विचारीतही नाही. सरोगसीचा, म्हणजे आपले मूल दुसऱ्या स्त्रीच्या कुशीत वाढविण्याचा, प्रश्न आज आम्ही सीमेच्या बाजूने मांडू इच्छितो; कारण त्याचे खरे दुखणे तेथेच उघडे पडते.

रामाकोना हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानावर आले नसेल. छिंदवाडा-नागपूर मार्गावरचे, मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातील हे गाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात मोडणारे. हा सारा मुलूख मराठी बोलणारा. येथल्या सोयरिकी विदर्भाशी जुळतात, आणि दुखणे हाताबाहेर गेले की माणसे नागपूरची वाट धरतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्यांच्या राज्याची राजधानी होती. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी भोपाळला गेली, पण माणसांच्या पायांखालची नागपूरची वाट काही मोडली नाही.

समजा, अशा गावातील एका सुनेचे गर्भाशय शस्त्रक्रियेत काढून टाकावे लागले आहे. पदरी मूल नाही. नवससायास झाले आणि आता नणंद अथवा जाऊ म्हणते आहे, ‘तुमचे बाळ मी नऊ महिने वाढवीन.’ असा उमाळा दुर्मीळ खरा, परंतु आपल्या कुटुंबांत अगदीच अशक्य नव्हे. संसदेने केलेला सरोगसी (नियमन) कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला तो याच उमाळ्यावर विसंबून. पैसे घेऊन गर्भ वाढविण्यास त्याने मनाई केली. जो चालेल तो परोपकार. वैद्यकीय व विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा यांपलीकडे त्या स्त्रीच्या हाती काही पडावयाचे नाही. ती विवाहित असावी, तिला स्वतःचे मूल असावे, वय २५ ते ३५ असावे आणि हे काम तिने जन्मात एकदाच करावे. दांपत्यापैकी पत्नी २३ ते ५० व पती २६ ते ५५ वर्षांचा हवा. त्यानंतर कागदांची वारी सुरू होते. जिल्हा वैद्यकीय मंडळाने गरज प्रमाणित करावयाची, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी बाळाच्या पालकत्वाचा हुकूम द्यावयाचा, सक्षम प्राधिकरणाने पात्रतेचे दाखले द्यावयाचे. आणि हे सर्व झाले की नोंदणीकृत केंद्रात उपचार.

यांतील एकही अट आम्हांस अनाठायी वाटत नाही. प्रश्न असा की, केंद्र नागपुरात, दांपत्य पांढुर्णा जिल्ह्यात आणि जाऊबाई नरखेडची असली, तर या वारीची वाट कोणत्या जिल्ह्यातून जाणार? मंडळ कोठले, दंडाधिकारी कोठले, प्राधिकरण भोपाळचे की मुंबईचे? कायदा साऱ्या देशाला एक आहे. त्याची कुलपे मात्र प्रत्येक राज्याच्या निरनिराळ्या कार्यालयांच्या कमरेला आहेत. ‘हे आमच्याकडे येत नाही’ या चार शब्दांनी किती रुग्ण परतले असतील, याची गणती कोणत्याही दप्तरात होत नसते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो वकील लावून आठ दिवसांत वाट काढतो. मजुरी बुडवून आलेले जोडपे दुसऱ्या खेपेस येत नाही.

गोमंतकीयांना हे दुखणे परके वाटू नये. दोडामार्ग आणि सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत येतो, तसाच रामाकोन्याचा नागपुरास जातो. १ जानेवारी २०१८ पासून आपल्या शासनाने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले होते. त्याच गोमेकॉत २०२३ साली मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली, ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु अपत्यहीनतेचे दुःख पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाही, आणि कोणते उपचार कोणाच्या हद्दीतले हा प्रश्न उद्या आपल्याही दारी येणार आहे.

एका ठिकाणी बांध घातला की पाणी कोठे जाते, याचा दाखला जगाने पुरेसा दिला आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याने १९९२ मध्ये पैसे देऊन होणाऱ्या सरोगसीचे करार निषिद्ध ठरविले. ती बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात तेथील ऐपतदार जोडपी ज्या राज्यांत मुभा होती तेथे जात राहिली. इस्रायलमध्ये समलिंगी पुरुषांना ही वाट २०२२ पर्यंत बंद होती, म्हणून ते आधी भारतात आणि पुढे नेपाळात गेले. नेपाळने आपल्या स्त्रियांना मनाई केली होती, तेव्हा गर्भ वाढविण्यासाठी तेथे नेल्या गेल्या त्यांत भारतीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्रायलने विमाने पाठवून आपल्या नागरिकांची नवजात अर्भके उचलून नेली. अर्भकांना विमान मिळाले. ज्यांनी ती वाढविली त्या बायांच्या वाट्याला जगाच्या वृत्तपत्रांतील चार ओळीही धड आल्या नाहीत.

आपला देश तर या बाजाराची पेठच होता. २००८ साली गुजरातेतील आणंद येथील सरोगसीतून जन्मलेल्या मांजी नावाच्या मुलीच्या जपानी मातापित्यांचा तिच्या जन्मापूर्वीच घटस्फोट झाला. अर्भकाला आई कोण आणि देश कोणता, हे कोणाला सांगता येईना. आजी जपानहून आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ च्या अखेरीस परदेशीयांना आपण दार बंद केले आणि पुढे २०२१ मध्ये कायदा करून देशातही व्यापार बंद केला. ते आवश्यकच होते. आपल्या दारिद्र्याची कूस परक्याला भाड्याने मिळावी, ही स्थिती कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राने चालू देऊ नये.

परंतु व्यापार बंद केला म्हणजे ओढ बंद झाली असे नव्हे. जुलै २०२५ मध्ये हैदराबादेत उघडकीस आलेले प्रकरण हेच सांगते. एका दांपत्यास एका केंद्राने सांगितले की, तुमचे बाळ विशाखापट्टणमच्या सरोगेट मातेच्या पोटी वाढत आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांच्याकडून पस्तीस लाखांच्या घरात रक्कम घेण्यात आली, आणि हाती दिले गेले ते आसामातून आलेल्या एका गरीब दांपत्याचे, लाखाहूनही कमी पैशांत विकत घेतलेले मूल. डीएनए चाचणीने बिंग फुटले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु या सौद्यात सीमेचा उपयोग काय झाला, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. माता दुसऱ्या राज्यात आहे, एवढे सांगितले की तिची भेट घेण्याची आणि तिची विचारपूस करण्याची गरज संपते. मग ती आहे की नाही, हेही कोणी पाहत नाही.

यावर कोणी म्हणेल, कायदा आणखी कडक करा. शिक्षा आजही सौम्य नाही. व्यापारी सरोगसीस १० वर्षांपर्यंत कारावास आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. पैसे मोजणाऱ्या दांपत्यासही पहिल्या गुन्ह्यास ५ वर्षांपर्यंत कारावास आहे. उणीव आहे ती सरळ वाटेची. मार्च २०२३ मध्ये नियम बदलून दात्याचे बीज वापरण्यास बंदी झाली. वर्षाच्या आत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर एका बाजूचे दातृबीज पुन्हा चालू झाले. कायदा येण्यापूर्वीच भ्रूण गोठवून ठेवलेल्या दांपत्यांना नवी वयोमर्यादा लागू होत नाही, हे ठरण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि सर्वोच्च न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागला. ज्यांची दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत होती त्यांना न्याय मिळाला. रामाकोन्याहून दिल्ली फार लांब आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. केंद्र शासनाने एक सुस्पष्ट आदेश काढून सांगावे की, देशातील कोणत्याही जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि कोणत्याही सक्षम न्यायालयाचा हुकूम देशभर तसाच मानला जाईल. सीमेवरील जिल्ह्यांसाठी दोन राज्यांच्या प्राधिकरणांनी एकमेकांशी परस्पर पत्रव्यवहार करावा. रुग्णाला टपालवाला करू नये. दुसरे, सरोगेट माता ज्या जिल्ह्यात राहते तेथील आरोग्याधिकाऱ्याने गर्भारपणात आणि पुढे विम्याच्या तीन वर्षांत तिची प्रत्यक्ष भेट घ्यावी. तिचे नाव गुप्त राहावे, पण ती शासनाच्या नजरेबाहेर राहू नये. तिसरे, तिच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई शासनाने ठरविलेल्या दराने मिळावी. २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने असा मोबदला सुचविला होता. ती सूचना कायद्यात आली नाही. डॉक्टरने फी घ्यावी, वकिलाने घ्यावी, आणि जिने शरीर पणाला लावले तिनेच तेवढे पुण्य घ्यावे, हा परोपकाराचा अर्थ आम्हांस मान्य नाही. आणि चौथे, ही सेवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत उपलब्ध व्हावी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतून बालक जन्मास आले, तेव्हा हे शास्त्र सार्वजनिक रुग्णालयाच्या अंगणात वाढत होते. पुढे ते खाजगी दवाखान्यांच्या काचेआड गेले. त्याला परत अंगणात आणणे अशक्य नाही, हे गोमेकॉने दाखविले आहे.

मूल असणे हा प्रत्येकाचा हक्क आहे की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. दत्तकाचा मार्ग आहे आणि तो श्रेष्ठ आहे, हेही आम्ही मानतो. परंतु जो मार्ग कायद्याने स्वतः मोकळा ठेवला आहे, त्यावरून चालण्याचा हक्क सीमेवरच्या माणसालाही असलाच पाहिजे. १९५६ साली नकाशावर ओढलेल्या रेघेने रामाकोन्याची भाषा तोडली नाही, सोयरिकी तोडल्या नाहीत. तिने एका घराचा पाळणा मात्र अडवावा, हे आपल्या राज्यव्यवस्थेस शोभणारे नाही. भोपाळ आणि मुंबई यांनी एका टेबलाशी बसून हा प्रश्न सोडवावा, आणि पणजीने त्यापासून वेळीच धडा घ्यावा.